काळी नको, हिरवी नेस

स्मिता वालावलकरांचा माणसांपेक्षा बॅगांवर जास्त विश्वास होता. बॅग उघडली की निदान आत काय आहे ते दिसतं. मुंबईच्या विमानतळावर कस्टम्समध्ये त्यांची अख्खी हयात गेलेली. त्या निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याच्या काट्यापासून जावेच्या हसण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट त्या एकदा उलटीपालटी करून बघायच्या. आणि आता तर प्रश्न एकुलत्या एका मुलीचा होता.

मैथिली शारजात अल नहदाला राहायची, रोज सीमा ओलांडून दुबईतल्या एका इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसात जायची, आणि तिला निनाद सबनीस नावाच्या मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा तिथेच लहानाचा मोठा झालेला. नाट्यगृहं, सभागृहं यांच्या आवाजाची व्यवस्था बघण्याचं त्याचं काम. वडील नाहीत. आई पुण्यात, तब्येतीने अधू. एवढं कळल्यावर स्मिताताई म्हणाल्या होत्या, "मग मी पुण्याला जाऊन भेटून येते त्यांना." लगेच निरोप आला की आई बेळगावला भावाकडे गेल्या आहेत.

"आजारी बाई बेळगावला गेली कशी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

अनिलराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "रेल्वेने गेली असेल."

अनिलरावांना जग सरळ वाटायचं. त्यामुळे घरातला दोघांच्या वाट्याचा संशय स्मिताताईंना एकटीलाच घ्यावा लागे. त्यांनी तिकीट काढलं आणि जानेवारीत शारजाला येऊन उतरल्या.

शनिवारी सकाळी निनाद गाडी घेऊन हजर झाला. उंच, सावळा, शर्टाची इस्त्री जरा जास्तच कडक. वाकून नमस्कार केला. "काकू, आज मॉलबिल काही नाही. आधी जुनी दुबई, मग आर्ट गॅलरी, मग संध्याकाळी लाइव्ह म्युझिक. फुल डे प्लॅन आहे."

"इतकं सगळं कशाला ठरवलंस?"

"तुम्हाला सिटीचा फील यावा म्हणून."

मैथिलीने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. स्मिताताईंनी ते टिपलं. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार, त्याच्याच बॅगेला खोटा तळ असतो, हे त्या नव्या पोरांना शिकवायच्या.

गाडीत त्यांनी सहज म्हणून विचारलं, "पुण्यात आई कुठे राहतात म्हणालास?"

"सहकारनगरला."

"छान. जवळ कोणतं देऊळ आहे रे तिथे?"

निनादने हॉर्न वाजवला. पुढे वाजवण्यासारखं काहीच नव्हतं. "देऊळ... आहे ना. गणपतीचं," तो म्हणाला.

पुण्यात कुठेही उभं राहून गणपतीचं देऊळ म्हटलं की खपून जातं. पण खपणं म्हणजे पटणं नव्हे.

अल फहिदीच्या जुन्या वस्तीत मात्र त्या जरा हरखल्या. मातकट भिंती, दोन माणसं जेमतेम जातील एवढे बोळ, वर निळं आभाळ. खाडीवरून गार वारा येत होता. मोत्यांचा व्यापार करणारे लोक इथे कसे राहायचे, प्रवाळाचे दगड भिंतीत कसे बसवायचे, हे निनाद मन लावून सांगत होता. एका घराच्या चौकातून तो त्यांना एका काळोख्या खोलीत घेऊन गेला आणि म्हणाला, "वर बघा, काकू. हा बारजील, म्हणजे वाऱ्याचा मनोरा. वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. जुन्या काळचा एसी."

स्मिताताई मनोऱ्याखालच्या बाकावर टेकल्या. मैथिली फोटो काढायला चौकात गेली. निनादचा फोन वाजला, तसा तो "एक मिनिट हं" म्हणत जिन्याने गच्चीवर गेला.

वारा खरंच खाली येत होता. आणि वाऱ्याबरोबर निनादचा आवाजही येत होता.

"हो गं... आठच्या आत पोचतो... नाही, अजून काही कळलेलं नाही. डाउट आहे, पण कळलेलं नाही... अगं, घाबरतेस काय?... काळी नको. हिरवी नेस. हिरवीत तू छान दिसतेस."

आवाजाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला त्या मनोऱ्याची खोड ठाऊक नसावी, याचं स्मिताताईंना नंतर हसू आलं. त्या क्षणी मात्र त्यांनी ऐकलेलं एकेक मोजलं. बाई आहे. साडी नेसणारी आहे. एकेरीत बोलण्याइतकी जवळची आहे. आणि 'अजून कळलेलं नाही' ते कोणाला? माझ्या पोरीला!

निनाद खाली आला तो हसत. "ऑफिसचा फोन होता. वीकेंडलाही सोडत नाहीत."

"हो ना," स्मिताताई म्हणाल्या. "कामाची माणसं."

त्यांनी लगेच काही बोलून टाकलं नाही. संशयित माणसाला पहिल्याच वळणावर अडवायचं नसतं. त्याला चालू द्यायचं, तो कोणाकडे बघतो ते बघायचं. मग त्या अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत, निनादच्या समोरच बसल्या आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. बिचारा उगाचच पाण्यातले सीगल दाखवत राहिला. देराच्या मसाल्यांच्या बाजारात केशराचे, सुक्या लिंबांचे ढीग होते. दुकानदार "आओ भाभी, देखो भाभी" करत होते. एका ढिगाआड मैथिलीला गाठून त्यांनी विचारलं, "निनादला बहीण आहे का गं? चुलत, मावस?"

"नाही. का?"

"सहजच."

मैथिलीने हातातली दालचिनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

दुपारी ते अल कूझला गेले. एकेकाळची गोदामं, बाहेरून पत्र्याची आणि आतून पांढरीशुभ्र. प्रत्येक गोदामात एक गॅलरी. एका ठिकाणी नुसती वाळू पसरून तिला कला म्हटलेलं होतं. स्मिताताईंनी तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. निनाद त्यांना जरा घाईनेच शेवटच्या गोदामाकडे घेऊन गेला. दारात एक कुरळ्या केसांची, चाळिशीची बाई उभी होती. ती गॅलरी सांभाळणारी नबिला. निनादला बघताच ती ओरडली, "अरे! आंटी को नहीं लाए?"

आणि मग तिला स्मिताताई दिसल्या.

"ये मेरी मम्मी हैं," मैथिली नको इतक्या मोठ्याने म्हणाली. "मुंबई से आयी हैं."

"कौन आंटी?" स्मिताताईंनी नबिलाला विचारलं.

नबिलाने निनादकडे पाहिलं. निनादने छताकडे पाहिलं. "बस... यहाँ तो सब आंटियाँ आती रहती हैं," असं काहीतरी पुटपुटत नबिला कोणाच्या तरी हाकेला ओ द्यायला गेली. हाक कोणीच मारली नव्हती.

आत प्रदर्शन होतं ते आवाजांचं. शहरातल्या जुन्या हॉटेलांमध्ये बरीच वर्षं हिंदुस्थानी बँड वाजत; त्यांच्या कुणीतरी जपलेल्या कॅसेटी एका कलावंताने जमवल्या होत्या. भिंतीवर हेडफोन टांगलेले. कुठे नुसता तबला, कुठे टाळ्या, कुठे ग्लासांची किणकिण. "काकू, हा ऐका," निनाद म्हणाला आणि कोपऱ्यातला एक हेडफोन त्याने स्वतः त्यांच्या हातात दिला.

एक बाई गात होती. गझल होती. आवाज थोडा जाडसर, पण सुरात रोवून उभा. एका ओळीवर ती थांबली, श्वास घेतला आणि तीच ओळ अशी खाली उतरवली की स्मिताताईंनी नकळत डोळे मिटले. गाणं संपल्यावर कुणीतरी दारूच्या भरात आरोळी ठोकली. त्यावर ती बाई हसून हिंदीत काहीतरी बोलली आणि मग माइकपासून जरा दूर, वादकांना उद्देशून, चक्क मराठीत म्हणाली, "चला रे, पुढचं घ्या, नाहीतर हा इथेच झोपेल."

स्मिताताई खुदकन हसल्या. डोळे उघडले तर निनाद त्यांच्याकडे टक लावून बघत होता. परीक्षेचा निकाल बघावा तसा.

हसू तिथेच विरलं. "कोण आहे ही?"

"नाव नाही लिहिलेलं."

खरंच पाटीवर नुसतं 'गायिका, नाव अज्ञात' असं होतं. पण 'मला माहीत नाही' असं निनाद म्हणाला नव्हता. या दोन उत्तरांमधल्या फटीतून आयुष्यभर किती सोनं निसटताना त्यांनी पाहिलं होतं!

बाहेरच्या कॅफेत निनाद चहा आणायला गेला. फळ्यावरचा भाव वाचून स्मिताताई एरवी किंचाळल्या असत्या: अठ्ठावीस दिऱ्हम, म्हणजे सातशे रुपयांचा चहा! आज त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मैथिलीचा हात धरला.

"मैथिली, नीट ऐक. आणि रडायचं नाही. या मुलाचं कुठेतरी दुसरं आहे. सकाळी फोनवर एका बाईशी बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. काळी नको, हिरवी नेस म्हणत होता. आपण आत्ताच्या आत्ता टॅक्सी करून घरी जाऊ. पुढचं मी बघते."

मैथिलीला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही. तिला आधी हसू आल्यासारखं झालं, मग तिचे डोळे भरले. "आई, संध्याकाळपर्यंत थांब," ती म्हणाली. "प्लीज. फक्त संध्याकाळपर्यंत."

स्मिताताईंनी हात सोडून दिला. म्हणजे हीसुद्धा! सकाळपासून त्या एका चोराच्या मागावर होत्या आणि दुसरा त्यांच्याच शेजारी बसून त्यांना पाण्याची बाटली देत होता.

"मला कुठे नेताय तुम्ही?"

तेवढ्यात निनाद चहा घेऊन आला. स्मिताताईंनी सातशे रुपयांचा चहा तसाच ठेवला.

अंधार पडताना गाडी बर दुबईतल्या एका जुन्या हॉटेलापाशी थांबली. लॉबीत अत्तराचा आणि सिगारेटचा वास. एका ओळीत बंद दारं, प्रत्येक दारामागे वेगळा ढोल. एकातून मल्याळी गाणं, दुसऱ्यातून फिलिपिनो बँड, तिसऱ्याच्या बाहेर चकाकत्या ड्रेसमधल्या मुली फोन बघत उभ्या. स्मिताताईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. असल्या मुली त्यांनी विमानतळावर पाहिल्या होत्या. रांगेतून बाजूला काढलेल्या, मान खाली घातलेल्या.

"निनाद, मी आत येणार नाही."

"काकू, सगळ्यात शेवटचं दार. फॅमिली रेस्टॉरंट आहे. पाच मिनिटं बसा, मग म्हणाल तर आय विल ड्रॉप यू होम."

शेवटच्या दारामागे खरंच कुटुंबं बसली होती. बाळाला मांडीवर घेतलेले आईबाप होते, वाढदिवसाचा केक होता. एका टोकाला छोटा मंच, तबला, हार्मोनियम, गिटार. निनाद सरळ मंचाकडे गेला आणि माइकची उंची कमी करू लागला. कमी करताना त्याने मोजलं नाही, विचारलं नाही. ती उंची त्याच्या हाताला पाठ होती.

पडद्यामागून एक बाई आली. साठीच्या जवळपास. केस न रंगवलेले. हिरवी इरकल नेसलेली.

तिने पहिला सूर लावला आणि स्मिताताईंना दुपारचा हेडफोन आठवला. आवाज आणखी जाडसर झाला होता, पण तसाच सुरात रोवून उभा होता. मग त्यांनी त्या बाईचं नाक पाहिलं, कपाळ पाहिलं, आणि माइकशेजारी उभ्या असलेल्या निनादकडे पाहिलं. ते गाणं कसं झालं हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

टाळ्या थांबल्यावर ती बाई थेट त्यांच्या टेबलाशी आली आणि खुर्ची ओढून बसली.

"मी सुचित्रा. निनादची आई. मी पुण्यात राहत नाही, मी आजारी नाही. बेळगावला भाऊ आहे, पण तो माझ्याशी बोलत नाही."

"आई—" निनाद म्हणाला.

"तू गप्प बस. खोटं मी बोलायला लावलंय. गॅलरीतल्या पाटीवर नावही मीच लिहू दिलं नाही. स्मिताताई, त्याच्यावर रागावू नका. याआधी एकदा जमत आलेलं लग्न मोडलंय. पोरीच्या घरच्यांना आवडला होता तो. आई हॉटेलात गाते म्हटल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. पुण्यातली आजारी आई कोणालाही चालते हो. ही चालत नाही."

स्मिताताईंचा चेहरा दगडासारखा होता. "तुमचा मुलगा खोटं फार वाईट बोलतो," त्या म्हणाल्या.

"लहानपणी शिकवलं नाही. ऐनवेळी शिकवलं, म्हणून."

"आणि माझी मुलगी उत्तम बोलते. ते मला आज कळलं." त्या उठल्या आणि सरळ बाहेर चालू लागल्या.

लॉबीत मैथिलीने त्यांना गाठलं. शेजारच्या दारातून ढोल धडधडत होता, त्यावर आवाज चढवूनच बोलावं लागत होतं.

"आई, तुला आधी सांगितलं असतं तर तू विमानात बसली असतीस?"

"नसते बसले!"

"मग?"

"मग काय? म्हणून आईला दिवसभर गावभर फिरवायचं? बोळ दाखवायचे, होडीत बसवायचं, वाळू दाखवायची, आणि शेवटी इथे आणून उभं करायचं? मी कोण आहे, टूरिस्ट?"

"निनादने ठरवलं ते. त्याचं म्हणणं होतं की तू आधी आवाज ऐकावास आणि मग माणूस बघावंस. उलटं झालं तर तू ऐकणारच नाहीस."

स्मिताताईंना राग आला, कारण ते खरं होतं. दुपारी तो आवाज कोणाचा ते ठाऊक नसताना त्यांनी डोळे मिटले होते. इथे, या दारांच्या रांगेत, तोच आवाज पहिल्यांदा ऐकला असता तर त्या पर्स सांभाळत बसल्या असत्या. चकाकत्या ड्रेसमधल्या एका मुलीने त्यांना हिंदीत विचारलं, "आंटी, तबीयत ठीक है? पानी लाऊँ?"

"नको गं, ठीक आहे," त्या मराठीतच म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

सुचित्राबाई तशाच बसून होत्या. पुढ्यातल्या पाण्याला त्यांनी हात लावला नव्हता.

"मला प्रश्न विचारायचेत," स्मिताताई म्हणाल्या.

"विचारा. सवय आहे मला. मुंबईला उतरले की माझी बॅग उघडायचेच. पासपोर्टवर आर्टिस्ट म्हणून व्हिसा दिसला की खलास. साड्या उलगडून, झटकून बघायचे. तुम्ही तिथेच होतात ना? मैथिली म्हणाली."

"होते. मीही उघडली असती."

सुचित्राबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बहुधा त्यांना 'छे छे, मी तशी नव्हते हो' असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. "चला, कोणीतरी खरं बोललं आज," त्या म्हणाल्या.

"तुम्ही राहता कुठे?"

"अजमानला. मुली येतात गाणं शिकायला. इथे आता आठवड्यातून एकदाच गाते."

"उद्या येते मी तुमच्याकडे. ही दोघं नकोत."

"जेवायलाच या."

निनाद आणि मैथिली एकमेकांकडे बघू लागले. "आई, मी सोडायला येऊ?" मैथिलीने विचारलं.

"टॅक्सी असतात ना इथे?" स्मिताताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अजमानला गेल्या त्या संशय घरी ठेवून नव्हे. दारातच त्यांनी चपला पाहिल्या: बायकांच्या, लहान मुलींच्या, पुरुषाचा एकही जोड नाही. बसायच्या खोलीत तंबोरा, हार्मोनियम, भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. त्या हात धुवायला म्हणून गेल्या आणि येताना आतली खोलीही बघून आल्या. सुचित्राबाई हमूर माशाचे तुकडे तव्यावर टाकत होत्या. मागे न वळताच त्या म्हणाल्या, "कपाट उघडं आहे. तेही बघून घ्या."

स्मिताताई ओशाळल्या, पण क्षणभरच. मग पाटावर बसावं तशा ओट्याला टेकून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. नवरा कसा गेला? बँडच्या गाडीला अपघात झाला. परत का नाही गेलात? पोर शाळेत होतं, आणि तिकडे दार उघडायला कोणी नव्हतं. पितात का? नाही, पिणाऱ्यांसमोर इतकं गायल्यावर वासही नको वाटतो. उत्तरं आखूड होती, आणि कुठलंच आधी घोकलेलं वाटत नव्हतं.

जेवण झाल्यावर सुचित्राबाईंनी हात पुसले. "आता मी विचारू?"

"विचारा."

"तुमची मैथिली दोन वर्षांत कंटाळून निनादला घेऊन कॅनडाला पळणार नाही कशावरून? इथल्या सगळ्यांच्या सुना तेच करतात."

"माझी मुलगी तशी नाही!"

"हे कुठलीही आई म्हणते. म्हणून मी चौकशी केली."

"कसली चौकशी?"

"गेल्या महिन्यात तुमच्या सोसायटीत एक बाई मसाले विकायला आली होती ना? गोरीशी, चष्मेवाली? माझी मावसबहीण ती. तुम्ही तिला दारात उभं करून तिखटाच्या पुड्या फोडून बघितल्यात. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी नसताना तुमच्या यजमानांनी तिला आत बसवून चहा पाजला आणि अर्ध्या तासात तुमच्या घरातलं सगळं सांगून टाकलं."

स्मिताताईंच्या तोंडात घास असता तर अडकला असता. म्हणजे त्या तिकडे बेळगावचा छडा लावत होत्या आणि इकडे त्यांच्याच घरात माणूस घुसून चहा पिऊन गेला होता! "अहो, ही तर सरळसरळ फसवणूक झाली!" त्या कडाडल्या.

"मुलाची आई आहे. करावं लागतं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी हसलं कोण, ते सांगता येणार नाही. पण स्मिताताई हसता हसता ठसकल्या, आणि सुचित्राबाईंना उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यानंतर चहा झाला. चहाबरोबर लग्नाचा विषय निघाला आणि तिथे हसणं संपलं. लग्न दादरला, आमच्या हॉलमध्ये, असं स्मिताताईंनी जाहीर केलं. माझी माणसं, माझे वादक इथे आहेत, त्यांना कोण विमानाने नेणार, असं सुचित्राबाईंनी सुनावलं. तुमच्या वादकांचं काय एवढं? तुमच्या हॉलचं काय एवढं?

दिवेलागणीला बेल वाजली. बाहेर मैथिली आणि निनाद काळजीत पडले असणार, हे दोघींनाही कळत होतं. पण आवाज इतके चढले होते की आधी उठेल तिने हार मानली असं झालं असतं. बेल पुन्हा वाजली, आणि तरीही दार उघडायला कोणी उठलं नाही.